उभ्यानं सोडलेलं पाणी

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावानं निखाऱ्यांवर तूप पडलं, की त्या धुरासोबत मला रॉबिनदादा आठवतो. माझ्या मावशीचा मुलगा. वडील रेल्वेतले गोरे गार्ड, आई आमच्या धामणगाव बढ्याची. दादा कलकत्त्याला पगारावर फुटबॉल खेळायचा. तिकडं त्याला वऱ्हाडी म्हणायचे, इथं साहेब. वर गावकरी विचारायचे, "बॉल खेळाचा कोनी पगार देते काय बे?"

त्या वर्षी तो गुडघा दुखावून आला होता. वडील आदल्या थंडीतच वारले होते, म्हणून पितरांच्या घागरीपुढं पाणी त्यानंच सोडायचं होतं. मावशीनं पाट मांडला. दादा भिंत धरून बसायला गेला, पण गुडघा वाकेना. त्याच्या कपाळावर घाम आला. "मले नाही जमत, माय," तो म्हणाला.

मावशीनं पाट सरकवला. "राहू दे. तुह्या बापाले तरी कुठं मांडी घालता येत होती? उभ्यानंच सोड."

आम्ही सगळे हसलो. दादाही हसला आणि त्यानं उभ्यानंच पाणी सोडलं.

आता माझेही गुडघे गेलेत. सून पाटाऐवजी खुर्ची मांडते, मी गुमान बसते, आणि मग ध्यानात येतं, की त्या दिवशी मावशी हसली नव्हती. जेवणं उरकल्यावर कलकत्त्याला परत न्यायच्या पेटीजवळ काढून ठेवलेले दादाचे फुटबॉलचे बूट तिनं उचलले आणि माळ्यावर टाकले. दादा बघत होता.