जित्या बाईचा टाक

पंचांनी पारावर काडी मोडली तशी मी दादाच्या बैलगाडीत चढले. मूल होईना म्हणून नवऱ्यानं मला सोडलं होतं. आई म्हणाली, "मागं बघू नको, बाई." मी बघितलंच. पाटील ठरलेलं पुन्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होते, "जिती हाय तोवर वर्षाची जवारी अन् एक लुगडं. दुसऱ्याशी पाट लावला तर बंद." माझी पोटगी अशी ठरली. नवऱ्यानं मान डोलावली.

बायांनो, तुमी गावातच राहिलात. मी हिंगोलीहून रेल्वेनं नांदेडला आले. दादाच्या वशिल्यानं गिरणीत सूत गुंडाळायला लागले. गावात कोंबडा उठवायचा, इथं भोंगा. 'हाजिरी', 'छुट्टी', 'जल्दी' हे शब्द माझ्याही तोंडी बसले. पगार खोलीच्या भाड्यात जायचा. मी अन् आई वर्ष काढायचो ते त्या जवारीवर. पहिल्या सुगीला ती आली, दुसऱ्या सुगीला आलीच न्हाई. म्हणून मी आणायला गेले.

वेशीत शेजारची गंगू दिसली. मी हाक मारली, तर तिनं पोराच्या तोंडावर पदर टाकला अन् वाट सोडली. मला वाटलं, मेलीला एवढा कसला ताठा! नवऱ्याच्या घराच्या दारात उभी राहिले तेव्हा कळलं. नवी बायको राधा जेवायला बसली होती. तिनं भाकरीचा घास मोडून बाजूला ठेवला अन् माझं नाव घेतलं. गळ्यात तिच्या चांदीचा टाक होता. पहिली बायको मेली की दुसरीनं घालायचा असतो तो, तुमाला ठावं हाय.

पारावर पंच बसले. नवरा म्हणाला, "पटकीनं मेली म्हणून ऐकलं. राधाचं लेकरू तापानं फणफणून राहिलं होतं. भगत म्हणला, सवत लागली. टाक घातला अन् ताप उतरला." कुणाकडून ऐकलं, ते त्याला आठवेना. वर म्हणतो कसा, "रोज पहिला घास काढतो तिला. आणखी कसली पोटगी?"

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. पण पंचांतलं कुणी माझ्याकडं बघेना. सगळे माझ्या पायांकडं बघत होते.

पाटील म्हणाले, "बाई, तू जिती असशील तर टाक उतरवावा लागंल. मग जवारी बराबर मिळंल."

राधानं टाक मुठीत धरला. "अक्का, लेकरू ह्याच्यावर वाचलंय. पाया पडते."

लेकरू तिच्या कडेवर होतं. एकटं तेच माझ्याकडं बघून हसलं. तुमी मला मोठ्या मनाची म्हणता, ते खोटं हाय. मला भ्या वाटलं. टाक उतरला तर त्यात बसवलेली ती मेलेली कुठं जाणार? माझ्याच अंगात की काय? मी म्हणाले, "राहू द्या." अन् रिकाम्या हातानं परत आले. पुढल्या महिन्यापासून आईही गिरणीत झाडायला येऊ लागली.

दुपारच्या छुट्टीत भाकर तोंडाजवळ नेते अन् कधी कधी पोट आधीच भरल्यागत वाटतं. मग डबा झाकून ठेवते. सोबतच्या बाया विचारतात, घर कुठं तुमचं? मी त्याच गावाचं नाव सांगते. त्या घरात नांदत होते तेव्हा सगळ्यांचं झाल्यावर टोपल्यात उरेल ते खायची. आता तिथं माझ्या आधी कुणी जेवत न्हाई.