जेलीच्या पट्टीचं पाणी

काटा हलेना. पुण्याहून आलेले दोन साहेब मीटरकडं बघत उभे, आणि आमचे सर घामाघूम.

चीनची लढाई नुकतीच सरली होती. सांगलीच्या एका कॉलेजात मी लॅबचा हमाल. शिक्षण चौथी. परमनंट व्हायचं होतं, आणि ते सरांच्या शब्दावर अडलेलं.

सर बाटलीत मांस बनवतात, असं लोक म्हणायचे. तसलं काही नव्हतं. रसायनं मिसळून केलेली बोटाएवढी जेलीची पट्टी ती, पाणी पिऊन फुगलेली. अंगातली पेशी म्हणजे अशीच पाणी धरून बसलेली जेली, असं सर सांगायचे. पट्टीत एक बारीक काचनळी टोचायची, दुसरी बाहेरच्या पाण्यात, दोन्हींच्या तारा मीटरला. काटा सरकला म्हणजे आत-बाहेर विजेचा फरक आहे. पाण्यात मीठ टाकलं की काटा खाली यायचा, पट्टी आकसायची आणि खाली टांगलेलं वजन स्नायूसारखं वर उचलायची. जीव नसताना.

पण पाणी डिस्टिल्डच लागायचं. म्हणजे वाफेचं, क्षार नसलेलं. ते काढायचं काम माझं.

त्या दिवशी मीठ टाकायच्या आधीच पट्टी पांढरी, ताठ. वजन आधीच वर.

"काय घातलंस रे यात?"

"काय न्हाई, सर. माज्या हातानं भरल्यालं पानी हाय."

एक साहेब हसले. "तुमची पेशी वारली वाटतं."

सरांनी साठ्याच्या बाटलीतलं पाणी परीक्षानळीत घेतलं, सिल्व्हर नायट्रेटचा थेंब सोडला. दुधासारखं झालं. क्षाराचं पाणी.

दारात स्टोअरकीपर अण्णा उभा होता. त्यानं लपवलं नाही.

"मीच बदललं सकाळी. पावनं येनार, टेबलावर ह्याच्या हातचं पानी कसं ठिवायचं? समद्या बाटल्या धुतल्या, आडाचं भरलं."

"अहो अण्णा, ते प्यायचं नव्हतं!"

"नसंना. तुमी त्यात बोटं घालताय न्हवं?"

आम्ही बौद्ध होऊन वर्षं झाली होती. अण्णाच्या लेखी काही झालं नव्हतं.

साहेबांनी घड्याळ बघितलं, गाडीची वेळ झाली म्हणाले आणि गेले. ज्या पैशाच्या मदतीसाठी ते काम बघायला आले होते, ती सरांना मिळाली नाही. प्रिन्सिपॉलना सरांनी "पाण्याचा घोटाळा झाला" एवढंच सांगितलं. कुणी केला, ते गिळलं. अण्णा जागेवर राहिला. भांडण नको म्हणून मला लॅबमधून काढून मैदान झाडायला लावलं. परमनंटचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"त्या जेलीला काय कळलं मग?"

"पानी खारं हाय, येवढं कळलं."

"आन् कुनाच्या हातचं?"

"ते न्हाई कळत तिला."

"मग ती मानसावानी हाय, आसं कसं म्हनत्यात तुमचं सर?"

 त्याला आता खूप वर्षं झाली. यंदा बायको गेली. असं तोंडावर विचारणारं घरात आता कुणी नाही. लॅबात काम करणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं: डिस्टिल्ड पाण्याला कुलूप लागतं.