पायरीवरची जागा

"देवा, दमले रे. तू बी बस जरा."

एवढं म्हणून ती देवळाच्या पायरीवर घागर टेकवायची आणि बाजूला सरकायची. शेजारी कुणी बसणार असावं, तेवढी जागा सोडून. तुम्ही बघितलं असतं तर हसला असता. मीही हसायचो.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मैलूरच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत ती झाडलोट करायची, घरोघर पाणी भरायची. लहानथोर सगळे तिला अक्काच म्हणायचे.

मी गवंडी. शाळा दुसरीपर्यंत, पण माझ्या हातची भिंत बघायला लांबून माणसं यायची. देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, मागची भिंत मीच बांधली. पुरी झाली त्या दिवशी पाळकसाहेब चार माणसांत माझं कौतुक करत होते. अक्का झाडू धरून उभी. म्हणाली, "अण्णा, भिंत वाकली की वो."

सगळे हसले. मी तिच्याशी बोलणं टाकलं.

आमच्यात रीत अशी, की कुणाशी भांडण असेल तर आधी ते मिटवायचं, मगच प्रभुभोजनाची भाकर घ्यायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी भोजन. आदल्या शनिवारी अक्का माझ्या दारात हजर.

"अण्णा, चारचौघांत बोलले, माझं चुकलं. माफ करा."

"भिंत सरळ हाय म्हण."

"ते कसं म्हणू वो? माफी मागायला येऊन खोटं बोलू?"

"मग जा."

ती जायची. रविवारी ताट आलं की हात जोडून पुढं जाऊ द्यायची. मी मात्र घ्यायचो. मिटवायचं तिनं, मी कामून, असं माझं म्हणणं. दोन वर्षं हेच चाललं. बायको म्हणायची, "कामून छळायलाव त्या बाईला?"

एका शनिवारी ती भर उन्हाची आली. ओट्यावर बसली, पदरानं वारा घेत राहिली.

"आज भांडायची ताकद न्हाई, अण्णा. नुसतं पाणी द्या."

बायको घरात नव्हती. मीच तांब्या आणून दिला. ती घटाघटा प्यायली.

"लोकांचं पाणी भरण्यात जलम गेला. मला कुणी आणून दिलं न्हवतं. मिटलं बघा."

दुसऱ्या दिवशी तिनं भाकर घेतली. मला राग आला. मी कुठं माफ केलं होतं? ताट माझ्यापुढं आलं आणि हात उचलेना.

सोमवारी देवळात कुणी नसताना त्या भिंतीला वरून ओळंब्याची दोरी सोडून बघितली. दोन बोटांचा फरक. पाया खचला असेल, असं मनाला सांगून बघितलं. पटलं नाही.

अक्काला सांगायचं ठरवलं. आज सांगू, उद्या सांगू करत महिना घालवला. तेवढ्यात तिला ताप भरला. तिसऱ्या दिवशी गेली.

माती देताना मी चारचौघांत मोठ्यानं म्हणालो, "अक्का, भिंत वाकडीच हाय." लोक माझ्या तोंडाकडं बघत राहिले. ऐकणारी खाली होती.

भिंत अजून उभी आहे. पोरं म्हणतात पाडू, मी पाडू देत नाही. आता गुडघे चालत नाहीत. देवळापर्यंत येतो, पायरीवर टेकतो. "देवा, दमलो," एवढं म्हणतो. पुढचं म्हणायला अजून लाज वाटते.

नुसता बाजूला सरकतो.