माझे वडील भात पिकवतात

इंग्रजी शिकवणाऱ्या त्या मास्तरांना मी अजून माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

लोणावळ्याच्या शाळेत ते आम्हाला साधा वर्तमानकाळ शिकवायचे. जे रोजचं, जे नेहमीचंच, ते या काळात सांगायचं. नियम फळ्यावर लिहून झाला की उदाहरणासाठी त्यांची नजर हमखास माझ्याकडे वळे. जवळच्या भाजे गावात त्यांची भातखाचरं होती आणि ती माझे वडील निम्म्या वाट्याने करीत. "सांग रे, तुझा बाप काय करतो?" मी उभं राहून इंग्रजीत म्हणायचं, माझे वडील मास्तरांचं शेत नांगरतात. वर्ग खिदळायचा. क्रियापदाचा शेवटचा 'स' राहिला तर छडी.

ती खाचरं सुटली असती तर घरात दाणा आला नसता. म्हणून वडिलांची ताकीद होती, "मास्तरांम्होरं उलट बोलायचं न्हाई."

खळं उरकलं की आंबेमोहराचं पहिलं पोतं मास्तरांच्या घरी, अशी रीत होती. वडील ते ओसरीवर उतरवून खाली पायरीवर बसत. मास्तर मूठभर तांदूळ नाकाशी नेऊन म्हणत, "यंदा वास कमी आहे." दरसाल हेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

पुढे शाळा तपासायला दिपोटी साहेब आले. मास्तरांनी घोकून घेतलेलं पोर म्हणून मलाच उभं केलं. तोच प्रश्न, या वेळी इंग्रजीत.

"माय फादर ग्रोज राइस," मी म्हणालो. "माय टीचर ईट्स इट."

वडील पिकवतात, मास्तर खातात. साहेब खो खो हसले आणि शाबास म्हणाले. मास्तरही हसले, पण त्यांचे कान लालबुंद झाले होते. इतका आनंद मला शाळेत पुन्हा कधी झाला नाही.

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या तोंडावर खाचरं दुसऱ्याला दिल्याचा निरोप आला. वडील बैलांना वैरण टाकत होते.

"काय बोललास तू त्यास्नी?"

मी मराठीत सांगितलं. हातातली पेंढी त्यांनी सोडून बैलांपुढे टाकली.

"मंग त्यात खोटं काय हाय?" ते म्हणाले. "शाळा सोडू नगंस."

आवणीला ते त्याच खाचरांत नव्या वाटेकऱ्याकडे मजुरीने उतरले. त्याच आठवड्यात मास्तरांनी मला वर्गात उभं केलं.

"सांग रे, आता तुझा बाप काय करतो?"

त्या दिवशी वर्गात कोणी हसलं नाही.