रक्ताची जात

तमाम विश्वासणाऱ्यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, कोरेगावच्या ख्रिस्ती मंडळीचा मुख्य गवई, म्हणजे मी, आतून फुटलो आहे!

चीनची लढाई होऊन वर्ष झाले होते. सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "पेप्टिक अल्सर." म्हणजे जठराला पडलेली जखम. "रक्त आत वाहतंय. शुक्रवारी ऑपरेशन. त्याआधी तीन बाटल्या रक्त हवं. उशीर चालणार नाही."

आणि मग सोबत आलेल्या माझ्या भावाला समजावे म्हणून त्यांनी पुढचे वाक्य टाकले. "ब्लड ग्रुप जुळला पाहिजे. रक्ताची जात म्हणा हवं तर."

त्या एका शब्दाने माझा जीव जायची वेळ आली.

आमच्या देवळात प्रभुभोजनाचा प्याला एक, पण बाकांच्या रांगा दोन. उजवीकडे एका जातीतून ख्रिस्ती झालेली घरे, डावीकडे दुसऱ्या जातीतून. कोणी नेमून दिले नव्हते. आजोबा बसले तिथे नातू बसला. मी उजवा.

भावाचा निरोप पाळकसाहेबांनी रविवारी जसाच्या तसा वाचला: "रक्ताची जात जुळणारेच हवेत." डाव्या रांगेने माझ्यासाठी मनापासून प्रार्थना केली आणि ती घरी गेली. उजवीकडून भाऊ आणि दोन चुलतभाऊ सोमवारच्या गाडीने आले. एकाचेही जुळले नाही.

मंगळवारी मी व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या. सिस्टरने खाटेवर आणून बसवले, मी पुन्हा उठलो. बुधवारी हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला कस, आणखी उतरले. मग उठवेना. पडल्या पडल्या फाटकाकडे बघत राहिलो. कोणाचीही वहाण वाजली की मान वर. पाहुणे शेजारच्या खाटेचे.

गुरुवारी सकाळी व्हरांड्यात फौजी बूट वाजले. दाऊद हवालदार! डाव्या रांगेतला पहिला माणूस. नाताळच्या नाटकात मी त्याच्या चालीची नक्कल केली होती, तेव्हापासून आमचे बोलणे बंद. मागे डाव्या बाकांवरचे पाचजण.

गळ्यातला बिल्ला डॉक्टरांपुढे नाचवत तो म्हणाला, "आवं सायेब, ह्यावर 'ओ' लिवलंय. फौजेत ह्यालाच गट म्हंत्यात. ह्यात जात कुठनं आली? पाळकसायबांस्नी इचारलं, तर म्हनले, डागदरलाच इचार!"

डॉक्टर कपाळाला हात लावून खाली बसले.

दाऊदसकट तिघांचे जुळले. पाचांपैकी एकाला सुई पाहूनच भोवळ आली, पण तोही उठून पुन्हा रांगेत उभा राहिला. शुक्रवारी ऑपरेशन झाले.

कोणावर अशी वेळ आली, तर निरोप नीट लिहून पाठवा. आणि आपले माणूस कोण, हे आधीच ठरवून बसू नका. मी चाळीस वर्षे ठरवून बसलो होतो.

टाके निघाले त्या दिवशी दाऊद भेटायला आला. मी त्याचा हात धरला आणि रडू लागलो. तो अवघडला, इकडेतिकडे बघू लागला, आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा ओरडला, "रडतुस काय गड्या! आता रविवारी बसायचं कुठल्या बाकावर, त्ये सांग की रं!"