सहा वाट्यांचं पार्सल

खोपोली मागे टाकून एसटी पेणच्या रस्त्याला लागली आणि खिडकीतून येणारी हवा बदलली. साताऱ्याहून पहाटे निघताना पांघरलेली शाल मी घडी करून मांडीवर ठेवली. दोन्ही बाजूंना भाताची कापणी झालेली खाचरं होती, आणि भाताच्या बुडख्यांमधूनच हिरवागार वाल वर आला होता. एका पिकाच्या जागेवर दुसरं इतक्या सहज उगवलेलं मी आमच्या बाजूला पाहिलं नव्हतं. वाचायला पुस्तक घेतलं होतं, ते पिशवीतच राहिलं. गेले चार महिने पुस्तकं अशीच पिशवीत राहतात.

हे पाटबंधारे खात्यात होते आणि नोकरीची बरीच वर्षं त्यांनी कोलाडला काढली. मी साताऱ्याच्या कॉलेजात ग्रंथपाल. सुट्टी मिळाली की तेच घरी यायचे, त्यामुळे हा मुलूख मी त्यांच्या बोलण्यातूनच ऐकला होता. इथं त्यांची एक टोळी होती, शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्यांची. म्हणजे साध्या रेडिओवर न लागणारी दूरदेशीची स्टेशनं खरखरीतून शोधून काढायची, आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांना सांगायचं. निवृत्तीनंतर ह्यांचं सांगणं फोनवरून चालू राहिलं. ऑगस्टमध्ये ते थांबलं.

मग डिसेंबरात पेणहून दिनकरदादांचा फोन आला. गणपतीच्या मूर्ती रंगवणारे हे दिनकरदादा टोळीतले सगळ्यात जुने.

"वहिनी, कस्टमात अडकलेलं पार्सल आलंय हाँगकाँगवरनं. साहेबांच्या नावावर हाय. पोस्टवाले म्हणतात, त्यांच्या घरचं कोणी कागद घेऊन आलं तर देऊ, नायतर परत जाणार."

आजारी पडण्याच्या आधी ह्यांनी स्वतःसकट सहा जणांसाठी सहा छोटे रेडिओ मागवले होते. सहा वेगळी पार्सलं मागवली असती तर सहा वेळा विमानाचं भाडं पडलं असतं, म्हणून एकच, आणि ते दिनकरदादांच्या पत्त्यावर. आता ते सोडवायला मीच जायला हवं होतं. मी ठरवलं, पेणला जाऊन सही करायची, ह्यांचा रेडिओ त्यांच्याच माणसांत कोणाला तरी देऊन टाकायचा आणि परत यायचं. घरात आणखी एक मुकी वस्तू मला नको होती.

पेणच्या स्टँडवर दिनकरदादा न्यायला आले होते. हाताच्या नखांत केशरी रंग, कानावर ब्रश. आधी कारखान्यात नेलं. माघी गणपतीचं काम जोरात होतं. ओळीनं बसलेल्या मूर्तींना सोंडा होत्या, पोटं होती, पण डोळे अजून व्हायचे होते. इतक्या बिनडोळ्यांच्या गणपतींसमोर चहा पिताना मला उगीच मोकळं वाटलं. कोणी बघत नव्हतं.

"खुर्चीवर जपून बसा, रंग ओला हाय," असं दादा म्हणाले तेव्हा मी बसून झाले होते. पुढचा सगळा प्रवास माझ्या पातळावर पितांबराचा पिवळा पट्टा घेऊन झाला.

"तुमच्या मूर्ती परदेशात जातात, त्यांनाही तिकडे कर लागतो का?" मी विचारलं.

"लागत असंल. एका मंडळानं मुकुटात दिवे बसवून मागितले. तिकडच्या कस्टमवाल्यानं विचारलं, ही मूर्ती म्हणायची की विजेची वस्तू? तेव्हापासून मी बाप्पा वेगळा पाठवतो नि दिवे वेगळे. बाप्पाला कशाला चौकशीत अडकवा?"

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या बाई तरुण होत्या आणि मनापासून मदत करणाऱ्या होत्या. मी मृत्यूचा दाखला, माझं ओळखपत्र, लग्नाचा दाखला असं सगळं पुढे ठेवलं. त्यांनी प्रत्येक कागद वाचला, हळू आवाजात "सॉरी मॅडम" म्हणाल्या आणि एका चिठ्ठीवर माझी सही घेतली. 'नाते' असं छापलेल्या जागेत मी 'पत्नी' लिहिलं. मग त्यांनी कराचा आकडा सांगितला. तो रेडिओंच्या किमतीच्या निम्म्याच्या जवळ जात होता. दिनकरदादांनी सगळ्यांकडून पैसे गोळा करून आणले होते, पण आकडा ऐकून त्यांनी खिडकीवर कोपरं टेकली.

"वस्तूवर कर, ते समजलं. पण हा एवढा कसा?"

"काका, नुसत्या वस्तूवर नसतो. वस्तूची किंमत, त्यात येण्याचं भाडं, त्यात विमा. सगळं मिळून जे होतं त्यावर."

"भाड्यावरपण?"

"भाड्यावरपण."

"म्हणजे बोकड आणायला टेम्पो केला, तर टेम्पोचंपण मटण धरलं."

बाई हसू दाबत म्हणाल्या, "तसंच समजा. पण सगळं एका पार्सलात मागवलंत ते बरं केलंत. सहा भाडी असती तर सहांवर लागला असता."

दादांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती अक्कल माझी होती. "साहेबांचं डोकं," ते बाईंना म्हणाले आणि आनंदानं पैसे मोजून दिले.

पार्सल हातात आलं तेव्हा ते वाटलं होतं त्याहून हलकं निघालं. मी तिथेच दादांना सांगून टाकलं, की ह्यांचा रेडिओ तुमच्यापैकी ज्याला हवा त्याने घ्यावा.

"तसं नाय जमत, वहिनी. आधी रोह्याला सगळे जमतायत, तिथं वाटे घालू. वाटा पडल्याशिवाय वाटा सोडता येत नाय."

वाटे घालणं म्हणजे काय, ते त्यांनी मला स्टेशनवर समजावलं. इकडे चारपाच घरं मिळून एक बोकड घेतात. मटणाचे सारखे ढीग मांडतात. एक जण ढिगांकडे पाठ करून बसतो. दुसरा एका ढिगावर बोट ठेवून विचारतो, हा कोणाचा? पाठमोऱ्यानं नाव घ्यायचं. ज्याचं नाव, त्याचा ढीग. मग हाड जास्त आलं तरी कुरकूर करायची नाही.

"पण रेडिओ तर सहाही सारखे आहेत ना?"

"वस्तू कितीपण सारखी असू दे, वाटे पडले नायत तर माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या वाट्याकडं बघतो."

दुपारच्या गाडीत बसायला जागा मिळाली. पार्सल मी मांडीवर घेतलं. समोरच्या बाईची टोपली सुक्या सोड्यांची (सोललेली सुकवलेली कोळंबी) होती. गाडी हलली तशी तिनं ती उचलून सरळ आमच्या पार्सलवर ठेवली. "जरा राहू दे गो बाय, खाली वलं हाय." मला नाही म्हणता येईना.

"काय हाय त्यात?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"रेडिओ."

"अवढे? दुकान टाकतेस?"

"नाही. सहा जणांचे आहेत."

"आता कोन ऐकतो रेडिओ?"

"हे सहा जण," दादा म्हणाले.

नागोठण्याला महादू आणि विठू हे दोघे भाऊ चढले. दोघेही टोळीतले, दोघेही शेतकरी, आणि एकमेकांशी अजिबात न बोलणारे. म्हणजे भांडण नव्हतं, तशी सवयच होती. महादूनं आधी माझ्या पायाला हात लावला, मग वाकून पार्सल हुंगलं.

"हाँगकाँगचा वास असा असतो व्हय?"

विठू पहिल्यांदा बोलला, "समुद्रच हाय ना तिकडं," आणि आमच्यासकट समोरची बाईही पदर तोंडाला लावून हसली. उतरताना तिनं मूठभर सोडे कागदात बांधून माझ्या पिशवीत टाकले. पैसे घेतले नाहीत.

रोह्याला हुसेनभाई रिक्षा घेऊन उभे होते. धाटावच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये आयुष्य गेल्यामुळे त्यांना आजही कोणत्याही वेळी झोप लागते आणि कोणत्याही वेळी जाग येते. शॉर्टवेव्हला असा माणूस लागतो, असं हे म्हणायचे. कुंडलिकेच्या काठी त्यांचं वालाचं शेत आहे. तिथे पोपटीचा बेत होता. पोपटी म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. भांबुर्डा नावाच्या वासाच्या पाल्याचा थर, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, वर पुन्हा पाला. मग मडकं उलटं करायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा.

कोलाडहून सुगंधाताई आल्या होत्या. त्यांची हायवेवर खानावळ आहे. आल्या आल्या त्यांनी मडक्याचा ताबा घेतला आणि हुसेनभाईंना बाजूला केलं. "तुमची मागच्या वेळची पोपटी मी अजून चावतेय."

जाळ लागल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. नदीवर संध्याकाळचा तांबूस उजेड होता, पलीकडच्या काठाला म्हशी पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हत्या.

"तुम्हाला कोणती स्टेशनं आवडतात?" मी विचारलं.

"नावं नाय माहीत. पहाटे भाकऱ्या थापताना लावते. बोलतात ते एक अक्षर कळत नाय. पण जगात आपल्यासारखं कोणीतरी उठून कामाला लागलंय, एवढं कळतं. साहेब पाटाच्या पाहणीला निघाले की माझ्याकडं चहाला यायचे. त्यांनीच रेडिओ फिरवून दाखवला. माझा नवरा गेला त्या वर्षी."

त्यांनी ओंजळभर पाणी मडक्यावर शिंपडलं, ते चुर्रकन उडालं. "झाली," त्या म्हणाल्या.

पण खाण्याआधी वाटे. दादांनी पार्सल फोडलं. सहा डब्या, आणि त्यातली एक उघडताच सगळे पुढे झुकले. सहाही काळे मागवले होते. पाठवणाऱ्यानं पाच काळे आणि एक लालभडक पाठवला होता.

"लाल काय करायचा, पोरांचं खेळणं दिसतं," हुसेनभाई म्हणाले, पण हात त्याच्यावरच होता.

"मला रंगाचं काय नाय," महादू म्हणाला.

"मलापण," विठू लगेच म्हणाला.

सुगंधाताईंनी सगळ्यांच्या हातांवर चापट मारून रेडिओ काढून घेतले आणि केळीच्या पानाच्या सहा तुकड्यांवर मांडले. प्रत्येकाजवळ त्याची वायर, त्याची पिशवी. "वहिनी पाठ करून बसतील. त्यांचा कोणाकडं ओढा नाय."

मी नदीकडे तोंड करून बसले. मागून महादूचा आवाज आला, "हा कोणाचा?"

"हुसेनभाईंचा."

"हा कोणाचा?"

"सुगंधाताईंचा."

मग विठूचा, मग महादूचा, मग दिनकरदादांचा. माझ्या पाठीमागे कोणी हसलं, कोणी हळहळलं. शेवटचा उरला.

"हा कोणाचा?"

मी म्हटलं, "उरला तो कोणाचा, ते आता सगळ्यांनाच ठाऊक आहे."

"ठाऊक हाय," दादा म्हणाले, "पण नाव घेतल्याशिवाय वाटा होत नाय."

लग्नाला चौतीस वर्षं झाली, मी शिकलेली, नोकरी केलेली, पण ह्यांना नावानं हाक मारली नव्हती. 'अहो' होतं, पाहुण्यांसमोर 'हे' होतं, आणि तेवढ्यात सगळं भागत होतं. सुगंधाताई नव्या नवरीला डिवचावं तशा म्हणाल्या, "घ्या वहिनी नाव," आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण मागे एकदम शांतता झाली. पेंढा तेवढा तडतडत होता.

मला वाईट वाटलं नाही. उलट इतक्या वर्षांत एकदाही कोणी मला असं सरळ विचारलं नव्हतं, याचंच हसू आलं.

"अनंताचा," मी म्हटलं. मग जरा मोठ्यानं, नदीपलीकडे ऐकू जाईल असं, "अनंताचा."

वळून पाहिलं तर पानावर लाल रेडिओ होता. शेवटी आपलं नाव येईल या आशेनं महादूनं त्याच्यावर बोट ठेवायचं लांबवत नेलं होतं, आणि त्याचं स्वतःचं नाव आधीच येऊन गेलं होतं.

"बघा," सुगंधाताई म्हणाल्या, "साहेबांनी तिकडं जाऊन वशिला लावला."

इतके हसलो की म्हशींनी माना वळवल्या. विठू हसता हसता भावाच्या पाठीवर थापा मारत होता. मग हुसेनभाईंनी डोळे पुसले आणि नीट विचारलं, "वहिनी, आता वाटा पडला. तुम्ही सोडणार म्हणाला होता. सोडायचा तर बोला, घेणारे पाच आहेत."

पाचही जण माझ्याकडे बघत होते, आणि पाचांपैकी कोणालाही मी तो सोडावा असं वाटत नव्हतं. मी केळीचं पान धरलं आणि रेडिओसकट माझ्याकडे ओढलं.

"पोपटी काढा," मी म्हटलं. "भूक लागलीय."

शेंगांना धुराचा, ओव्याचा आणि भांबुर्ड्याचा मिळून एक वास होता, तो साताऱ्यापर्यंत बोटांना राहिला. जेवताना सहा रेडिओंवर सहा वेगळी स्टेशनं लागली होती आणि प्रत्येक जण दुसऱ्याला आवाज कमी करायला सांगत होता. माझ्या रेडिओवर एक बाई कुठल्याशा भाषेत बहुतेक हवामान सांगत होती. तिच्या आवाजावरून तिकडे पाऊस नसावा.

रात्री सुगंधाताईंकडे राहिले आणि सकाळी कोलाडहून पोलादपूरमार्गे निघाले. महाबळेश्वरचा घाट चढताना कोकण खाली खाली जात राहिलं, आणि शाल पुन्हा अंगावर घ्यावी लागली. मांडीवर रेडिओ होता. पिशवीतलं पुस्तक काढलं आणि वाई येईपर्यंत अठ्ठावीस पानं वाचली. काय वाचलं तेही आठवतंय.

जिन्यात शेजारच्या लीलाताई भेटल्या. पेणला जाऊन मी पापड आणले नाहीत, याचं त्यांना आश्चर्य वाटलं. मग त्यांचं लक्ष माझ्या पातळावरच्या पिवळ्या पट्ट्याकडे गेलं, आणि तिथून हातातल्या लाल वस्तूकडे.

"हे काय, नातवाला खेळणं?"

"रेडिओ आहे," मी किल्ली शोधत म्हटलं. "माझ्या वाट्याला आला."