अण्णांचे दात, आईचे दात

आज सकाळी धाराशिवला जाऊन दात साफ करून आले. दर सहा महिन्यांनी जाते. काही दुखत नसताना ही बाई दवाखान्यात कशाला पळते म्हणून घरातले हसतात... आज कारण लिहूनच टाकते.

साठच्या दशकाची सुरुवात असेल. आम्ही परंड्याला राहायचो, अण्णा म्हणजे माझे वडील शाळेत मास्तर. त्यांच्या तोंडाला वास येतो अशी कुजबुज शाळेत झाली, तसे ते एसटीनं बार्शीला गेले आणि दातांच्या डॉक्टरांकडून कीटण खरवडून घेऊन आले. नंतर आठवडाभर आरशासमोरून हलत नव्हते.

हिरड्या आईच्याही खराब होत्या, अण्णांपेक्षा जास्तच. भाकरी चावली की घासाला रक्त लागायचं. ती मिश्री लावून वेळ मारून न्यायची. आजी म्हणायची, दात खरवडले की हलायला लागतात, मीठ चोळ आणि कामाला लाग...

आईनं स्वतःसाठी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. त्या वेळी मात्र मागितलं.

"मलाबी न्या की एकदा बार्शीला."

अण्णा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तुला कुठं भाषण करायचंय?"

विषय संपला. पुढच्या चार-पाच वर्षांत आईचे दात हलायला लागले, हिरड्यांतून पू यायला लागला. तिला पाणीही पिववेना, तेव्हा कुठं अण्णा तिला घेऊन बार्शीला त्याच डॉक्टरांकडे निघाले. मीही सोबत होते.

डॉक्टरांनी आईचं तोंड बघितलं आणि अण्णांवर चिडलेच. मास्तर, तुमचे दात साफ केले तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात ना, हिच्याही हिरड्यांतून रक्त येतं? लगेच घेऊन या म्हणून सांगितलं होतं. तेव्हा साफ केले असते तर दात राहिले असते, आता सगळे काढावे लागतील...

म्हणजे अण्णांना ठाऊक होतं. घरी त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. आई हे पहिल्यांदाच ऐकत होती.

अण्णा शांतपणे म्हणाले, "हीच तयार नव्हती. घाबरते."

मी आईकडे बघत राहिले. वाटलं, आता तरी बोलेल... आई डॉक्टरांकडं बघून म्हणाली, "व्हय, मीच भ्याले."

चाळिशीच्या आत तिच्या तोंडाचं बोळकं झालं. कवळी कधी नीट बसलीच नाही.

अण्णा ऐंशी पार करून गेले, बत्तिशी शाबूत. लोकांना त्याचं केवढं कौतुक! हुरड्याच्या दिवसांत आई आगटीशेजारी बसून कणसं चोळायची आणि गरम दाणे अण्णांच्या हातावर ठेवायची. तूपण खा म्हटलं की म्हणायची, मला आवडत न्हाय.

अण्णांना मी पुष्कळ गोष्टी माफ केल्या. ही नाही केली, करणारही नाही...

आईला हुरडा फार आवडायचा.